चटणी कांडायला कुठं जावं? मिरजकर तिकटीजवळची गिरणी

फेब्रुवारी संपत आला की कोल्हापुरात घरोघरी एकच बोलणं असतं: मिरची कुठनं घेतली, काय भावानं मिळाली आणि चटणी कुठं कांडायची. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मिरजकर तिकटीकडून मंगळवार पेठेत शिरलं की एका बोळाच्या तोंडाला पत्र्याच्या छपराची कांडप गिरणी आहे. तिला नाव नाही. भिंतीवर निळ्या रंगानं 'चटणी कांडून मिळेल' एवढंच लिहिलंय. आमची वर्षाची चटणी तिथंच होते. पुढच्या हंगामापर्यंत रंग आणि वास टिकायला हवा असेल तर चार पैसे जास्त देऊन तिथंच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं आणि गरम मसाला घालून केलेलं वर्षाचं तिखट. भाजी, आमटी, रस्सा, मिसळ सगळं त्याच्यावर चालतं. ती बिघडली तर वर्षभर स्वयंपाक बिघडतो, म्हणून गिरणीबद्दल एवढं लिहायचं. शिवाय माझं माहेर गडहिंग्लज तालुक्यातलं. वडील जवारी, म्हणजे गावरान वाणाची, मिरची लावायचे, त्यामुळं झाडापासून बरणीपर्यंतचा तिचा प्रवास मी जवळून बघितलाय. पुढं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा त्यातली कारणंही कळत गेली.

या गिरणीचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे मिरची बघितल्याशिवाय पोतं आत घेत नाहीत. मालक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधली मूठभर मिरची बाहेर काढतात. वरची वाळलेलीच असते, ओल धरलेली असते ती मधली. एक मिरची कानाजवळ हलवून बघतात. आत बी खुळखुळलं पाहिजे. मग ती वाकवतात. नीट वाळलेली असेल तर कट्‌कन मोडते, ओल असेल तर चामड्यासारखी नुसती दुमडते. शेवटी दोन-तीन मिरच्या उभ्या फोडून आतली पांढरी शीर आणि बी उजेडात धरतात. बाहेरून लालभडक दिसणाऱ्या मिरचीच्या पोटात काळपट-हिरवी बुरशी असू शकते, आणि ती फोडल्याशिवाय दिसत नाही. फटकी म्हणजे पांढरे डाग पडलेली मिरची जास्त निघाली तर निवडून आणायला सांगतात. हे सगळं होतं पाचेक मिनिटांत, पण बाकीच्या ठिकाणी मी कुणाला एवढं करताना बघितलेलं नाही. तिथं पोतं आलं की सरळ वजनकाट्यावर जातं.

माझ्यापुढं कळंब्याच्या एक काकी होत्या. त्यांची मिरची मालकांनी वाकवली आणि ती मोडली नाही. "काकी, ह्यात ओल हाय. आज कांडली तर पावसाळ्यात बुरशी धरंल. दोन ऊनं दाखवा आन् मग आणा." काकी चिडल्या. रिक्षाचं भाडं घालून आल्या होत्या, परत न्यायची कुठं? मालकांनी वाद घातला नाही. पोरग्याला हाक मारली, पोतं गच्चीवर नेलं आणि ताडपत्रीवर पसरलं. "परवा या, तयार असंल," म्हणाले आणि त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत. शहरात ज्यांच्या घरी ऊन येत नाही, अशा फ्लॅटमधल्या लोकांना या गच्चीचा मोठाच आधार आहे.

ओलीचा एवढा बाऊ कशासाठी, असं कुणाला वाटेल. झाडावरनं तोडलेल्या लाल मिरचीत सत्तर टक्क्यांच्या वर पाणी असतं. ते दहा-अकरा टक्क्यांवर आलं की मिरची टिकते. त्याहून जास्त राहिलं तर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढू शकते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृताला घातक असतं, आणि फोडणीत किंवा रश्शात उकळून जात नाही. बाजारात काही व्यापारी मिरचीवर पाणी मारतात. त्यानं ती मोडत नाही आणि वजनही वाढतं. कोल्ड स्टोरेजमधनं काढलेला गार माल बाहेरच्या हवेतली ओल ओढून घेतो. म्हणजे तुम्ही कितीही खात्रीच्या दुकानातनं आणलेली असली तरी घरी दोन-तीन कडक ऊनं दाखवायचीच. देठं ऊन दाखवून झाल्यावर काढावीत. देठ निघालं की तिथं भोक पडतं, आणि ओल व बुरशी आत शिरायला तेवढी वाट पुरते.

आता यंत्राबद्दल. इथं पल्व्हरायझर, म्हणजे वेगानं फिरणारी दळायची चक्की, नाही. एका फिरत्या दांड्यावर लोखंडी मुसळांची रांग आहे. दांडा फिरला की एकेक मुसळ वर उचललं जातं आणि स्वतःच्या वजनानं खालच्या उखळात पडतं. पूर्वी घरात दोघी बायका आळीपाळीनं उखळात कांडायच्या, त्याचंच हे मोटर लावलेलं रूप आहे. कांडलेलं चाळणीवर टाकतात, वर राहिलेली चाळ परत उखळात जाते. वेळ लागतो. वेगानं फिरणाऱ्या चक्कीत तेवढीच मिरची फार लवकर बारीक होते, पण घासून इतकी तापते की बाहेर येणारं तिखट हातात धरवत नाही. मिरचीचा लाल रंग कॅप्सॅन्थिन आणि कॅप्सोरुबिन या द्रव्यांचा असतो. उष्णता, उजेड आणि हवा, तिन्ही त्यांचे वैरी. चक्कीतल्या तापानं रंगाला पहिला धक्का बसतो आणि वासाचं तेल उडून जातं. कांडलेलं तिखट हाताला कोमट लागतं, त्याहून जास्त नाही. आणि इथले मालक उखळ तापलं की मुसळं थांबवतात, रांग कितीही मोठी असो. रांगेतले लोक ओरडतात. ते ऐकून घेतात आणि उखळ निवेपर्यंत चहा घेतात. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

याचा पुरावा पातेल्यात दिसतो. मिरचीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात उतरतो. म्हणून मिसळीचा कट किंवा तांबड्या रश्शावरचा तवंग लाल होतो आणि खालचं पाणी त्या मानानं फिकं राहतं. इथल्या चटणीची फोडणी मंद आचेवर केली की तेल लगेच लालबुंद होतं, वेगळा रंग घालायची गरजच पडत नाही. हीच गोष्ट भेसळ ओळखायलाही उपयोगी पडते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चिमूटभर तिखट भुरभुरा. कृत्रिम रंग असेल तर रंगाच्या रेघा पाण्यात खाली उतरताना दिसतात. विटेची पूड असेल तर ती तळाशी बसते, बोटांत चोळली की खरखरीत लागते. सुदान जातीचे रंग मात्र तेलात विरघळणारे असतात, ते या परीक्षेत सापडायचे नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते. खाण्यात वापरायला त्यांना बंदी आहे. डोळ्यांदेखत अख्ख्या मिरचीची चटणी करून घेतली की ही काळजीच उरत नाही.

गिरणीच्या दारात फळीवर सुपं मांडून ठेवलेली असतात, प्रत्येकात वेगळी मिरची. ज्यांना घरून आणायची नाही त्यांना तिथनं घेता येते, पण बहुतेक लोक नुसते बघायला आणि विचारायला थांबतात. ब्याडगी त्यात दोन प्रकारची: कड्डी म्हणजे लांब, बारीक, सुरकुतलेली, आणि डब्बी म्हणजे आखूड, फुगीर. रंग भरपूर, तिखटपणा कमी. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाची ही मिरची, 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यापासून काढलेला अर्क खाद्यपदार्थांच्या रंगासाठी आणि लिपस्टिकसारख्या सौंदर्यप्रसाधनांसाठी जातो. गुंटूरकडची तेजा बोटाएवढी, सरळ आणि जाळ तिखट. लवंगी त्याहून बारकी. आणि एका सुपात, थोडीशीच, जवारी. आमच्याकडं हिला संकेश्वरीही म्हणतात. पातळ सालीची, गडद लाल, वासाला वेगळीच. तिखट असते, पण घसा ओरबाडत नाही. चव सगळ्यात शेवटी जिभेवर राहते ती हिचीच.

मालकांचा सल्ला असा की रंगाला ब्याडगी, चवीला जवारी, आणि घरात तिखट खाणारे असतील तर मूठभर तेजा किंवा लवंगी. मी निम्मी ब्याडगी, निम्मी जवारी घेते आणि तेजा अजिबात घालत नाही. काहीजण तिखटपणा कमी व्हावा म्हणून बी काढायला बसतात. तिखटपणाचं मूळ द्रव्य, कॅप्साइसिन, तयार होतं ते आतल्या पांढऱ्या शिरेत. बी तिला चिकटून असतं म्हणून तिखट लागतं. बी काढल्यानं चटणी जास्त लाल दिसते हे खरं, कारण पिवळ्या बियांची पूड रंग फिका करते. पण मला बियांसकट केलेली चटणी जास्त खमंग लागते.

रांगेत माझ्या मागं एक कॉलेजची मुलगी आजीला घेऊन आली होती. सुपं बघून तिनं विचारलं, "मावशी, ही सगळी मिरची मूळची आपलीच ना?" आजी म्हणाल्या, मग काय, कोल्हापूरची! मी सांगितलं ते इथंही सांगते. मिरची मूळची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. तिथले लोक हजारो वर्षांपासून ती पिकवत होते. कोलंबस 1492 मध्ये तिकडं पोचला तेव्हा युरोपला तिची पहिल्यांदा ओळख झाली. पुढं 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटाला मिरी होती, पिंपळी होती, आलं-सुंठ होती. मिरची कुणाच्याही परड्यात येते, बी घरच्या घरी धरता येतं, वाळवली की वर्षभर पुरते. मिऱ्यासारखा तिचा वेल नाही, तिला पावसाळी डोंगरउतार लागत नाही. म्हणून ती गरिबाच्या भाकरीपर्यंत पोचली. आज भारताएवढी वाळलेली लाल मिरची जगात दुसरा कुठलाच देश पिकवत नाही, आणि खातही नाही. आजींना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, आली असंल कुठनं बी, पण अशी चटणी तिकडं कोण करतंय? त्यावर मला काही बोलायचं नव्हतं, कारण त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

जवारीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण ती कमी होत चाललीय आणि त्याचं मला वाईट वाटतं. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात, गडहिंग्लजपासून संकेश्वरपर्यंत, ती पावसाच्या पाण्यावर यायची. मे महिन्यात वाफ्यात बी टाकायचं, तरू म्हणजे रोप सव्वा-दीड महिन्याचं झालं की पाऊस बघून रानात लावायचं. दिवाळीच्या मागंपुढं फळं पिकायला लागायची. सगळी मिरची एकदम लाल होत नाही, म्हणून तोडे करावे लागतात, आणि प्रत्येक तोड्याला माणसं लागतात. वडील दुसऱ्या तोड्यातली सगळ्यात चांगली फळं बियाण्यासाठी बाजूला काढायचे. ती वेगळ्या कापडावर वाळायची आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. सगळ्यात भीती बोकड्या रोगाची. फुलकिडे आणि कोळी कीड रस शोषतात, विषाणू शिरतो, पानं चुरगळून आखडतात आणि झाड वाढायचं थांबतं. अलीकडं तर बाहेरच्या देशातनं आलेल्या काळ्या फुलकिड्यांनी 2021-22 मध्ये आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकातली मिरचीची रानंच्या रानं उद्ध्वस्त केली. जवारीचं उत्पन्न संकरित वाणाच्या मानानं कमी, मजुरी जास्त, आणि शेजारी ऊस किंवा सोयाबीन बिनघोर येतं. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? गडहिंग्लजच्या बाजारात खऱ्या जवारीला दर सगळ्यात चढा मिळतो, पण माल येतो थोडा. 'संकेश्वरी' म्हणून शहरात जे विकलं जातं त्यात दुसरंच बरंच असतं.

या गिरणीत मला हे आवडतं की मालक फळीवरच्या सुपातली जवारी नसेल तर नाही म्हणून सांगतात. ब्याडगीला रंगवून जवारी म्हणत नाहीत.

भाव कधी कोसळतो, कधी चढतो. मार्च 2024 मध्ये ब्याडगीच्या बाजारात दर एकदम पडले तेव्हा शेतकऱ्यांचा संताप अनावर झाला, बाजार समितीची कचेरी फोडली गेली, गाड्या जाळल्या गेल्या. आपल्याला मिरची स्वस्त मिळाली म्हणून आनंद झाला की मला ते दृश्य आठवतं. म्हणून मी घासाघीस करत नाही.

कांडपाचा क्रमही इथं नीट पाळतात. आधी मिरची, खडे मीठ घालून. मिठानं ती चांगली कांडली जाते आणि पुढं टिकतेही. मग धने, जिरे, तीळ, खसखस, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, दगडफूल, तमालपत्र, हळकुंड, हिंग असं भाजून आणलेलं. सगळ्यात शेवटी कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर आणि भाजलेलं सुकं खोबरं. ही ओलसर जिन्नसं आल्यावर तिखटाचा गोळा व्हायला लागतो, मुसळाला चिकटतो, आणि तिथंच घाई केली तर चटणीत लसणाच्या पाकळ्या आख्ख्या राहतात. इथली बाई उखळात उलथनं फिरवत कडेचं मध्ये आणत राहते, एकजीव होईपर्यंत. कांदा उभा चिरून, उन्हात वाळवून, तेलात चांगला लाल तळून आणावा. अर्धवट तळलेला आणला तर ते परत पाठवतात.

आता तक्रारी. एप्रिलमध्ये रांग फार लांब असते आणि बसायला धड सावली नाही. म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. चिठ्ठी देतात, पण चिठ्ठीवर वेळ लिहीत नाहीत, त्यामुळं अख्खी दुपार जाते. दर किलोला पन्नास रुपये, इतर ठिकाणी चाळिसात काम होतं. दोन किलोच्या आत घेत नाहीत, एकट्या-दुकट्या माणसानं काय करायचं? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथं काम करणाऱ्या बायका तोंडाला नुसता पदर बांधून उभ्या असतात. कॅप्साइसिन कातडीतल्या नेमक्या त्याच मज्जातंतूंना चेतवतं जे उष्णता ओळखतात. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी याच द्रव्याच्या आधारे मज्जातंतूंवरचा उष्णता ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे संवेदक, शोधला आणि 2021 चं नोबेल त्यांना वाटून मिळालं. म्हणजे त्या बायकांच्या हातांना आणि डोळ्यांना दिवसभर खरोखर भाजल्याचीच जाणीव होत असते. हाताला त्या खोबरेल लावून बसतात. ते योग्यच आहे, पाण्यानं ती आग जात नाही. पण चांगले मास्क, डोळ्यांना चष्मे आणि आणखी एक एक्झॉस्ट फॅन मालकांनी घ्यायलाच हवा. मी त्यांना समोर बोलले. "बघतो की," म्हणाले. किलोला दोन रुपये वाढवून हे करणार असतील तर आपण गिऱ्हाइकांनी कुरकुर करू नये.

जायचं असेल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी नऊच्या आत जा. तेव्हा उखळं गार असतात आणि पहिला घाणा सगळ्यात चांगला निघतो. मिरची ऊन दाखवून, देठं काढून न्या. कोरडा मसाला आणि ओली जिन्नसं वेगवेगळ्या डब्यांत न्या, एकत्र करू नका. चटणी घेऊन आल्यावर लगेच बरणीत भरू नका, परातीत पसरून पूर्ण निवू द्या, मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे दोन-तीन खडे ठेवा. बरणी अंधाऱ्या जागी ठेवायची, रोजच्यापुरती छोट्या डब्यात काढून घ्यायची. सोमवारी गिरणी बंद असते.